चहा सांडला पाहिजे

सातपूरला आमच्या गल्लीत तीन गतिरोधक आहेत. त्यातला एकच महापालिकेचा. उरलेले दोन माझ्या बाबांनी स्वतःच्या हातानं घातले, आणि कोणी विचारलं तर तेही महापालिकेचेच आहेत असं ते तोंड वर करून सांगतात.

ते गतिरोधक आमच्या धंद्याचे आहेत. आम्ही गाड्यांच्या कमानी बनवतो. पिकअपच्या, टेम्पोच्या पोटाखाली लोखंडाचे लांब वाकवलेले पाटे एकावर एक बसवलेले असतात, ती कमान. नवी कमान बसली की बाबा टपरीवरून काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास मागवतात, तो स्टिअरिंगपुढे ठेवतात आणि गाडी तिन्ही गतिरोधकांवरून फिरवून आणतात. थेंबही सांडला नाही तर गल्लीच्या तोंडापासूनच हाळी देतात, "नाय सांडला." मग तो गार झालेला चहा गाडीच्या मालकानं सगळ्यांसमोर प्यायचा. प्यायल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि सांडला, तर मालक कितीही नाक घासो, कमान परत खाली उतरते.

"कमान हादरा गिळती," बाबा म्हणतात. "गिळती आन् गप बसती. परत करती ती कमान नाय." बाबांचं नाव भिमाजी. वय चौऱ्याहत्तर, आवाज मात्र अजून चाळिशीतला. मी त्यांची एकुलती एक मुलगी सविता. भट्टीवर त्यांच्याबरोबर मीच असते. माझी जीभ तिखट आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ती फक्त बाबांसमोर गपगार होते. बाबांना चुकलात असं तोंडावर म्हणणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर एका खिळ्याला दोन पातळ जुन्या कमानी टांगलेल्या असत. टांग्याच्या. बाबांनी अगदी लहानपणी केलेल्या आणि चुकलेल्या, एवढंच मला ठाऊक होतं. लहानपणी मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "चूक दिसली पायजे रोज." मग मी परत विचारलं नाही.

आता माझ्या मुलीचं सांगते. भाग्यश्री अकरा वर्षांची आहे, वजन एकतीस किलो, आणि जमिनीवर नीट चालणं तिला जमत नाही. ती उड्या मारतच येते, उड्या मारतच जाते. शाळेत तिनं जिम्नॅस्टिक्स घेतलं तेव्हा मला वाटलं, चला, घरातली कपबशी वाचली. दोन वर्षं ती पहाटे उठून सराव करते आहे. तिचा प्रकार असा: धावत यायचं, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटायचे, बोर्डनं वर फेकायचं, मग समोरच्या उंच टेबलावर हात टेकून पूर्ण उलटं होऊन पलीकडे पायांवर उभं राहायचं. पाचातून चार वेळा ती उभी राहायला लागली होती. पाचव्या वेळी बसत होती, पण बसल्यावरही दोन्ही हात वर करत होती.

सोमवारी शाळेचा स्प्रिंगबोर्ड मधोमध तडकला. जिल्ह्याची स्पर्धा पुढच्या आठवड्यात. नवा बोर्ड मेरठहून यायला पंधरा दिवस, आणि स्पर्धेच्या तोंडावर दुसरी शाळा कशाला देईल? प्रतिभा मॅडम म्हणजे तिच्या क्रीडाशिक्षिका. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं.

"नावं शनिवारी दुपारी पाठवायची आहेत. शनिवारी सकाळी ती माझ्यासमोर एकदा उडी मारून पायांवर उभी राहिली तर नाव जाईल. सरावाशिवाय मी तिला पाठवणार नाही. मान मोडायचा खेळ आहे हा, सविताताई."

घरी येऊन भाग्यश्री रडली नाही. तिनं गाद्या एकावर एक रचल्या आणि पलंगावरून त्यांवर उड्या मारायला सुरुवात केली. ते बघून मला जे झालं ते सांगता येत नाही. मी वर्कशॉपमध्ये गेले आणि बाबांना सगळं सांगितलं.

बाबांनी तुटलेल्या बोर्डाचा फोटो मोबाईलवर बोटांनी मोठा करून पाहिला. मग हसले. "ह्या असल्या तारेच्या रिंगा बसवल्यावर तुटणारच. खाली कमान नाय, काय नाय. पोरीला सांग, आजा करतो."

बुधवारी दुपारी बोर्ड तयार झाला. वर अठरा एमएमचं प्लायवूड, त्यावर जुन्या सतरंजीचा तुकडा, पुढे उंच, मागे उतरता, आणि खाली पिकअपची पाच पाट्यांची कमान. चार माणसांनी उचलून तो गल्लीत आणला. बघायला सगळी गल्ली. सटाण्याचा सहादू होता, त्याची कांद्याची पिकअप कमानीसाठी दोन दिवस आमच्याकडे पडून होती. मखमलाबादच्या नवसाबाई होत्या, त्या झेंडू आणि मेथी घेऊन रोज बाजारात जातात, त्यांच्या छोट्या टेम्पोच्या कमानीचा सेंटर बोल्ट गेला होता. सहादूनं त्याचं कांद्याचं रिकामं बारदान पुढे थरावर थर टाकून दिलं, पोरीला पडायला.

आणि बाबांनी बोर्डाच्या कोपऱ्यावर काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवला.

माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवं होतं. नाही आलं. आमच्या घरात जन्मल्यावर ग्लास ठेवलेला दिसला की माणूस श्वास रोखून ग्लासाकडेच बघतं.

भाग्यश्री टपरीपासून धावत आली, उडाली, दोन्ही पाय बोर्डवर आपटले. धप्प असा आवाज झाला आणि ती तिथंच उभी राहिली. बोर्ड तिळभर हलला नाही. ती एका टाचेवर कशीबशी तोल सांभाळत डोळे मिचकावत होती. चहाच्या सायीला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

"नाय सांडला," बाबांनी हाळी दिली.

आणि देवाशपथ सांगते, सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. सहादूनं शिट्टी मारली. बाबांनी ग्लास उचलून भाग्यश्रीपुढे धरला. "पी बाळा. बोर्ड तुझा."

तिनं ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"साखर कमी हाय का?" बाबांनी विचारलं.

पंचेचाळीस वर्षं जे माझ्या तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "बाबा, ती उडालीच नाही."

"मग? उडू नये म्हणून तर पाच पाटे घातले."

"बाबा, तिला उडायचंय. ह्या बोर्डावर चहा सांडला पाहिजे."

ते असे काही बघायला लागले, जणू मी त्यांच्या देवाला शिवी दिली. "सवे," ते म्हणाले, "माझ्या कमानीवर सटाण्याचा कांदा वाशीपत्तोर गेला. साठ वर्षांत कांदा उडाला नाय. आन् नातीला उडवू?" ग्लास त्यांनी तसाच दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि पायी घरी निघून गेले. चहा कोणीच प्यायला नाही. आमच्या गल्लीत भरलेला ग्लास तसाच राहिल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

गुरुवारी सकाळी सहाला मी शटर उघडायला गेले तर ते आधीच उघडं होतं. बाबा जमिनीवर बसून बोर्डाचे यू बोल्ट सोडवत होते. मी पाना पुढे केला. त्यांनी एक पाटा काढला, चार ठेवले, बोर्ड बांधला, आणि रस्त्यावर कोण आहे ते पाहिलं. सहादू दात घासत उभा होता.

"ए सटाणा. उडी मार हिच्यावर."

चार पाट्यांवर सहादू धप्प. तीन पाट्यांवर धप्प. दोनवर जरा घोटा हलला असं तो म्हणाला. भंगारवाल्याच्या काट्यावर त्याला उभं केलं, चौऱ्याण्णव किलो भरला. बाबांनी खडूनं भिंतीवर चौऱ्याण्णव लिहिलं, मान हलवली आणि दुसराही पाटा काढला. एकच उरला. कोपऱ्यावर सवयीनं चहाचा ग्लास ठेवला.

सहादू आला तो बैलासारखा धावत आला. मग जे झालं ते इतक्या झटकन झालं की मला फक्त तुकडे आठवतात. त्याचे पाय बोर्डवर आपटलेले दिसले. मग त्याच्या तळव्यांना लागलेली माती दिसली, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. मग एक चप्पल भंगारवाल्याच्या पत्र्यावर खणकन वाजली आणि सहादू बारदानात डोकं खाली, पाय वर असा रुतलेला होता. चहा पूर्ण माझ्या गाऊनवर.

बारदानातून आवाज येईना. मी घाबरून धावले. आत तो हसत होता. हसून हसून त्याला श्वास घेता येत नव्हता.

"हाई काय शे, बाबा," तो म्हणाला. "हाई काय शे." आणि उठून अनवाणी टपरीकडे चालायला लागला. "आखो एक डाव." म्हणजे अजून एकदा.

त्यानंतरचा दिवस कसा गेला ते विचारू नका. सहादूचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता, तो दहाच्या आत अख्ख्या सातपुरात फिरला. पहिली पाळी सुटल्यावर डबे हातात घेतलेली माणसं थेट आमच्या गल्लीत. वेल्डर आले, फिटर आले, एक सुपरवायझर टाय खिशात घालून आला. बाबांनी नियम केला: आधी भंगारवाल्याकडे वजन, मग उडी. जो तो आपलं वजन ओरडत रांगेत उभा. नवसाबाईंचा टेम्पो तासापूर्वीच दुरुस्त झाला होता, त्या जाईनात. शेवटी त्यांनी पदर खोचला, कासोटा घट्ट केला आणि म्हणाल्या, "सरका. साठ वर्सं खुरपायला खालीच वाकले. एकदा वर जाऊन बघते." त्या वर गेल्या. बारदानात पडल्यावर त्यांनी आधी अंबाडा चाचपला, मग नाकातली नथ, आणि दोन्ही जागेवर आहेत म्हटल्यावर परत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. बाजारात त्यांची मेथी त्या दिवशी गेलीच नाही. त्यांनी ती रांगेतल्यांना वाटून टाकली.

माझे मिस्टर ललित अंबडच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला असतात. ते जाता जाता बघायला म्हणून आले आणि तीन उड्या मारून उशिरा पोचले. वरिष्ठांनी कारण विचारलं तर त्यांनी व्हिडिओ दाखवला. उद्या आम्हीही येऊ का, असं वरिष्ठ म्हणाले म्हणे.

मग मला सगळ्यांनी ढकललं. मी नको नको म्हणत होते, पण पाय आधीच टपरीकडे निघाले होते. धावले, आपटले, आणि अंगाखालची जमीन निघून गेली. एवढा वेळ हवेत राहायला मिळतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्या वेळात मला भंगारवाल्याच्या पत्र्यावरची सहादूची चप्पल दिसली, कोणाच्या तरी गच्चीवरच्या कुरडया दिसल्या, आणि माझा स्वतःचाच किंचाळल्यासारखा हसण्याचा आवाज ऐकू आला. घरातला, धंद्यातला, सासरचा, माहेरचा प्रत्येक हादरा मी आजवर गिळलाय. गिळून गप्प बसलेय. कोणी मला एकदाही परत काही दिलं नव्हतं, आणि ह्या फळीनं मी आपटलं तेवढं सगळं परत दिलं. बारदानात पडल्या पडल्या मला रडू आलं आणि हसूही येत होतं. मी उठून पुन्हा रांगेत गेले.

बाबा मात्र हसत नव्हते. ते भिंतीवर खडूनं वजनं लिहीत होते.

पाचला भाग्यश्री शाळेतून आली. लोकांनी रांग सोडून तिला वाट दिली. सहादूनं बारदान झटकून सरळ केलं. ती धावत आली, इतक्या माणसांना आकाशात फेकणाऱ्या त्या फळीवर दोन्ही पाय आपटले, आणि वीतभर वर जाऊन पुन्हा फळीवरच उतरली.

परत केलं. परत तेच. पाच वेळा केलं.

बाबांनी भिंतीवर एकतीस लिहिलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. एक पाटा, पण तो पिकअपचा. चौऱ्याण्णव किलोला वाकतो, एकतीस किलोची त्याला दादच नाही. त्याहून कमी काय करणार, शून्य पाटे? मी म्हटलं, घासून पातळ करू. बाबा म्हणाले, घासला तर तडकंल, पोरगी त्याच्यावर हाय. सगळ्या सातपूरला उडवणारा बोर्ड आम्ही बनवला होता, फक्त ज्या पोरीसाठी बनवला तिला सोडून. लोक एकेक करून निघून गेले. भाग्यश्री बारदानावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. "मॅडमना सांगू का, नाव नको म्हणून?" तिनं विचारलं.

शुक्रवारी मी वर्कशॉपला गेले तर बाबा मागच्या भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. खिळ्यावरची टांग्याची जोडी त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"तुला कधी सांगितलं नाय," ते म्हणाले.

मग सांगितलं. चौदा वर्षांचे होते. रावजी मिस्त्री त्यांचे उस्ताद. टांग्याची जोडी करायला दिली, पाटा तीन सुताच्या जाडीचा ठेव म्हणाले. "पण सवे, भट्टीतनं पाटा लाल निघाला न् हातोडा असा लागत होता, असा लागत होता, मी ठोकतच बसलो. मजा यायला लागली. दोन सुताचा कधी झाला कळलंच नाय." तीच जोडी टांग्याला बसली. टांग्यात एका नवरीची मावशी होती, अंगापिंडानं बारीक. रविवार कारंजाच्या वळणावर चाक दगडावरून गेलं आणि मावशी उडून सरळ केळीवाल्याच्या पाटीत जाऊन बसली. बाजार जमला. उस्तादांनी सगळ्यांसमोर कान पिळला आणि ती जोडी खिळ्याला टांगून सांगितलं, रोज बघायची.

"बघितली रोज," बाबा म्हणाले. "साठ वर्सं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतात. मी पुढे जाऊन पाहिलं तर हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"एक गोष्ट उस्तादला बी सांगितली नाय," ते म्हणाले. "ती मावशी केळ्यांतनं उठली न्, सवे, ती हसत होती. लोकं मला मारायला उठलेली, आन् ती बाई टांगेवाल्याला म्हणती, अजून एकदा त्या दगडावरनं घे." त्यांनी डोळे पुसले. "काल त्या सटाण्यानं तेच म्हटलं तव्हा मला ती मावशीच दिसली."

ते स्टुलावर चढले. मी धरायला गेले तर हात झटकला. जोडी खाली घेतली, गंज पुसला, ऐरणीवर ठेवून अंगठ्यानं दाबून सोडली. पाटा टणकन वर आला. साठ वर्षं खिळ्याला लटकूनही त्यात जीव होता.

"भट्टी लावू? पुन्हा तापवून सरळ करायचं का?" मी विचारलं.

"हात नको लावू," बाबा म्हणाले. "जशी चुकलीय तशीच राहू दे."

दिवसभर आम्ही दोघांनी मिळून जोडी प्लायवूडखाली बसवली, डावीकडे एक, उजवीकडे एक. बाबांनी खडूनं फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एकतीस किलोच्या वर कोणी चढू नये. सहादूनं खूप विनवलं. नवसाबाईंनी तर आपलं वजन एकतीसच भरतं असं शपथेवर सांगितलं. बाबांनी कोणाला हात लावू दिला नाही. भाग्यश्रीची ट्यूशन सुटेस्तोवर अंधार झाला होता, त्यामुळे तिनंही चढून पाहिलं नाही. म्हणजे शनिवारी सकाळी तो बोर्ड सहादूच्या पिकअपमध्ये चढला तेव्हा त्याच्यावर अजून एकही पाय पडलेला नव्हता.

सहादूच्या पिकअपला नवी कमान आदल्या रात्री बसली होती. बाबांनी टपरीवरून ग्लास घेतला आणि स्टिअरिंगपुढे ठेवला. आमचे तीन गतिरोधक, मग त्र्यंबक रोडचे खड्डे, मग शाळेच्या फाटकातली नाली, सगळं पार करून ग्लास मैदानावर पोचला तो काठोकाठ. "नाय सांडला," बाबा सहादूला म्हणाले. सहादू आपला चहा प्यायला म्हणून हात पुढे करायला गेला, तर बाबांनी ग्लास मागे घेतला. "हा लागंल. तुला दुसरा पाजतो."

प्रतिभा मॅडमनी उंच टेबल आणि पलीकडे गादी आधीच मांडून ठेवली होती. त्यांनी बोर्ड वाकून, हात लावून, चहूबाजूंनी पाहिला. फळीवरची सूचना वाचली. त्यांच्या हातात नावांचा कागद होता, पेन टोपण लावून खिशाला. "एकदा दाबून बघते," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी दाबलं. फळीनं हात वर ढकलले तशी त्यांची भुवई वर गेली. बाबांनी कोपऱ्यावर ग्लास ठेवला. मॅडमनी ग्लासाकडे पाहिलं, बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

भाग्यश्री वीस पावलं मागे गेली. धावत आली, आणि बोर्डाच्या दोन हात अलीकडे थांबली.

परत गेली. परत धावली. परत थांबली. तिच्या पायांना बुधवारचं, गुरुवारचं आठवत होतं. धप्प होणार, टाच दुखणार, हे त्यांना पाठ झालं होतं. मॅडम म्हणाल्या, "भाग्यश्री, अजून एकदाच. त्यानंतर नको."

बाबा मैदान ओलांडून तिच्याकडे गेले. मला वाटलं धीर देतील, देवाचं नाव घे म्हणतील. ते गुडघ्यांवर हात ठेवून तिच्या कानाशी वाकले आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. मला ऐकू येत नव्हतं. मग भाग्यश्री फिसकन हसली, आणि विचारलं ते मोठ्यानं विचारलं, "केळ्यांमध्ये?"

"केळ्यांमधी," बाबा म्हणाले. "न् ती दुसऱ्यांदा बी बसली टांग्यात. ही कमान गिळत नाय, भागू. तू देशील त्येवढं परत देईल. माझी चुकलेलीच हाय ती."

बाबा परत येऊन बोर्डाशी उभे राहिले. ती अजून हसतच होती तेव्हा धावायला लागली. हसत हसत कोणी असं धावतं का, तोंड उघडं, वेण्या दोन बाजूंना. मी डोळे मिटायचे ठरवले होते, मिटले नाहीत. दोन्ही पाय फळीवर पडले आणि टणकन आवाज झाला, काल ऐरणीवर झाला होता तोच. पोरगी वर गेली. तिच्या आईनं आजवर पाहिली नव्हती इतकी वर गेली. हात टेबलावर टेकले, पाय आकाशाकडे सरळ झाले, अंग फिरलं, आणि ती पलीकडे गादीवर पायांवर उतरली. एक पाऊल पुढे सरकलं. मग दोन्ही पाय जुळले आणि दोन्ही हात वर.

सगळे बाबांकडे बघत होते. ग्लास फळीवरून उडून त्यांच्या छातीवर आपटला होता. पांढऱ्या सदऱ्यावर, मिशीवर, चष्म्यावर चहा. एका बाहीला साय चिकटली होती. ते तसेच उभे होते.

प्रतिभा मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. पहिलंच अक्षर त्यांनी इतकं दाबून लिहिलं की कागद फाटेल असं मला वाटलं.

बाबांनी चष्मा काढला. सातपूरच्या गल्लीत द्यायचे तशी, मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाईल अशी त्यांनी हाळी दिली, "सांडला."

साठ वर्षांत हा शब्द त्यांनी असा ओरडून सांगितला नव्हता. सांडला की ते मान खाली घालून पाना उचलत. आज त्यांनी तो दोनदा ओरडला, आणि सहादूनं अशी शिट्टी मारली की वर्गांतली पोरं खिडक्यांशी आली.

भाग्यश्री धावत आली. बाबांनी गवतातून ग्लास उचलला, सदऱ्याच्या कोरड्या राहिलेल्या टोकानं पुसला आणि तिच्यापुढे धरला. मालकानं प्यायचा असतो. ग्लास रिकामा होता, तळाशी जेमतेम थेंबभर उरलं होतं. तिनं दोन्ही हातांनी तो घेतला, मान मागे टाकून वर धरला, आणि तो थेंब काचेवरून घरंगळत खाली येईपर्यंत तोंड उघडं ठेवून उभी राहिली.

"साखर?" बाबांनी विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.